सांता फे एका दिवसात, आईबाबा आणि मावशीला घेऊन: कुठे वेळ घालवाल आणि कुठे नाही

निकाल आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. घरच्या मोठ्या माणसांना घेऊन न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला एकच दिवस जाणार असाल तर अर्धा दिवस लोककलेच्या म्युझियमला द्या, एक तास प्लाझावर, म्हणजे शहराच्या मधल्या चौकात, ओसरीत बसलेल्या कारागिरांना द्या, आणि उरलेल्या वेळात ज्याला जे आवडतं ते त्याला बघू द्या. शंभर गॅलऱ्या बघायच्या मागे लागू नका. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो, आई ६८, बाबा ७३, मावशी ७१, आमची लेक ९ वर्षांची आणि आम्ही दोघं. जायच्या आधी मी जेवढं वाचलं ते सगळं तरुण जोडप्यांसाठी लिहिलेलं होतं, सकाळी ट्रेक, दुपारी गॅलरी, रात्री कॉकटेल वगैरे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेलं तर काय होतं हे कोणीच सांगत नाही, म्हणून सगळं डिटेलमध्ये लिहितेय.

आम्ही अल्बुकर्कीला राहतो, तिथून सांता फे गाडीने जेमतेम तासाभराचा रस्ता आहे. रेल रनर नावाची लोकल ट्रेनपण जाते, दीडएक तास लागतो, दार बंद होताना बीप बीप असा पक्ष्यासारखा आवाज करते त्यामुळे लेकीला तिनेच जायचं होतं, पण लोककलेचं म्युझियम स्टेशनपासून लांब टेकडीवर आहे आणि तिघांना घेऊन पुन्हा बस शोधणं मला नको होतं म्हणून गाडी काढली. फक्त डाउनटाउन बघणार असाल तर ट्रेन चांगली आहे, पार्किंगची कटकटच नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. सांता फे सात हजार फुटांवर आहे. आपलं महाबळेश्वर साडेचार हजारच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्याहीवर अडीच हजार फूट, आणि आजूबाजूला बरंचसं वाळवंटासारखं दिसतं त्यामुळे आपण उंचावर आहोत हे डोळ्यांना कळतच नाही. शरीराला कळतं. मावशी भारतातून येऊन जेमतेम आठवडा झाला होता, पार्किंगपासून म्युझियमच्या दारापर्यंतच्या चढावर दोनदा थांबली आणि मला म्हणाली "अगं छातीत नाही काही, नुसता दम पुरत नाहीये". मग बसलो, पाणी प्यायलो, दहा मिनिटांत बरं वाटलं तिला. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळत नाही, तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो, त्यामुळे प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली आणि टोपी हवीच. ज्यांना बीपी किंवा हार्टचा त्रास आहे त्यांच्याबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांशी बोला, आणि भारतातून आल्या आल्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी हा प्लॅन ठेवू नका, आठवडाभर तरी जाऊ द्या.

आता म्युझियम. पूर्ण नाव म्युझियम ऑफ इंटरनॅशनल फोक आर्ट, शहराच्या थोडं बाहेर म्युझियम हिल म्हणून भाग आहे तिथे. फ्लॉरेन्स डिबेल बार्टलेट नावाच्या बाईंनी सुरू केलं, १९५३ साली उघडलं. मी स्वतः याआधी सांता फेला तीनदा जाऊन आले होते आणि तिन्ही वेळा हे म्युझियम "वेळ उरला तर बघू" मध्ये गेलं होतं, याचं मला आता खरंच वाईट वाटतं.

आत एक मोठं दालन आहे, अलेक्झांडर जिरार्ड या आर्किटेक्टच्या कलेक्शनचं. हा माणूस कापडांचं डिझाइन करायचा, जगभर फिरायचा, आणि तो आणि त्याची बायको सुझन मिळून खेळणी, बाहुल्या, मातीची चित्रं, कागदाचे, लाकडाचे, कापडाचे नग जमवत गेले. किती, तर एक लाख सहा हजार वस्तू, शंभरावर देशांतल्या. १९७८ मध्ये सगळं म्युझियमला देऊन टाकलं आणि १९८२ मध्ये हे दालन उघडलं, त्याची मांडणीपण त्याने स्वतःच केलीय. त्यातल्या दहाएक हजार वस्तू तिथे मांडलेल्या आहेत.

पण आकड्यांनी काही समजत नाही. तुम्ही आत शिरता आणि समोर काचेमागे अख्खं गाव. मेक्सिकोतलं मातीचं गाव, बोटाएवढी माणसं, बाजार भरलाय, बँड वाजतोय, चर्चमध्ये बारसं चाललंय, गाढवावर लाकडं लादलीत, आणि प्रत्येक माणसाचा चेहरा वेगळा. मग पुढे दुसरं गाव, मग तिसरं. काही छताजवळ टांगलेलं, काही गुडघ्याच्या उंचीवर. मावशी पहिल्याच काचेपाशी थांबली, एक मिनिट काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, "हा तर किल्ला आहे गं".

आणि तसंच आहे ते. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो ना, वर महाराज, खाली मावळे, विहिरीवर पाणी भरणारी बाई, मध्येच मापात न बसणारा एक वाघ, आळीव पेरलेलं, अगदी तीच बुद्धी. लहान मुलाने खेळताना जशी मांडणी केली असती तशी एका मोठ्या माणसाने आयुष्यभर जमवून केलेली. आईला आणि मावशीला त्या क्षणानंतर काहीही समजावून सांगावं लागलं नाही. दोघी बहिणी एका काचेवरून दुसऱ्या काचेवर, "ते बघ ते बघ" करत, आपल्या लहानपणी किल्ल्यावर कोणी पाय दिला होता, मावळे कोणाकडून आणायचे, मावशीच्या लाकडी ठकीचा रंग कसा उडाला होता, हे सगळं निघालं. मी ४२ वर्षांची आहे आणि यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होते. भारतातलीही खेळणी आणि मूर्ती आहेत तिथे, त्या दिसल्यावर तर बाबापण बाकावरून उठून आले.

दुसरी एक गोष्ट जी मला आधी चूक वाटली होती आणि नंतर अतिशय आवडली. इथे वस्तूंच्या शेजारी लेबलं नाहीत. कुठली, कधीची, कोणी केली, काहीच लिहिलेलं नाही, फक्त नंबर, आणि माहिती हवी असेल तर दालनात माहितीची पुस्तिका ठेवलेली असते ती घेऊन नंबर शोधायचा. जिरार्डने हे मुद्दाम केलं, आधी बघा मग वाचा म्हणून. बाबांना वाचल्याशिवाय चैन पडत नाही, ते पुस्तिका घेऊन फिरले. आईला इंग्लिश वाचायला वेळ लागतो, इतर म्युझियममध्ये ती पाट्यांसमोर अवघडून उभी राहते आणि मग आपल्याला यातलं काही कळत नाही म्हणून कोपऱ्यात जाऊन बसते, मी हे अनेकदा बघितलंय आणि दरवेळी जीव तुटतो. इथे तिला कळायचं काही राहिलंच नव्हतं. घडणावळ, रंग, बारकावा, यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि इथे फक्त तेच लागतं. भरतकामाच्या एका कापडापुढे उभी राहून तिने लेकीला टाका कसा घातलाय ते हवेत बोट फिरवून दाखवलं. शेजारी एक अमेरिकन आजी उभ्या होत्या त्यांनी हातानेच खूण करून पुन्हा दाखवायला सांगितलं. आईने पुन्हा दाखवलं. भाषा लागली नाही.

सोयींच्या बाबतीत सांगायचं तर बसायला जागा आहे, व्हीलचेअर नेता येते, एसी आहे, वॉशरूम जवळ आहेत. आम्ही तासाभराचा अंदाज केला होता, पावणेतीन तास होतो. लेकीने एकदाही फोन मागितला नाही. शेजारीच मूळ अमेरिकन लोकांच्या कलेचं वेगळं म्युझियम आहे आणि बोटॅनिकल गार्डनपण आहे, तिकडे आम्ही गेलो नाही, तिघांचे पाय संपले असते. बाहेर चौकात अपाचे नर्तकाचा मोठा ब्रॉन्झ पुतळा आहे तिथे सगळ्यांचा फोटो काढला. या म्युझियमला माझ्याकडून पाचपैकी पाच, सहा द्यायची सोय असती तर सहा दिले असते.

मग जेवण, आणि इथे माझा मूड गेला. नाव लिहित नाही. प्लाझाच्या जवळच्या एका हॉटेलात गेलो, गर्दी होती, चाळीस मिनिटं थांबलो. आई आणि मावशी दोघी शाकाहारी. मी ऑर्डर देताना दोनदा सांगितलं, व्हेजिटेरियन, मीट नको, चिकन नको, तो मुलगा हो हो म्हणाला आणि चीज एन्चिलाडा आणले, म्हणजे मक्याच्या पोळीत चीज भरून वर सॉस. मावशीने दोन घास खाल्ले आणि तिला चव वेगळी लागली म्हणून मी विचारलं, तर वरच्या हिरव्या मिरचीच्या सॉसमध्ये पोर्क होतं. भरायला चीज म्हणून ते व्हेज, असा त्यांचा हिशोब. मावशी मला काही बोलली नाही, उठून चूळ भरून आली आणि लेकीशी गप्पा मारत बसली, पण तिने नंतर काही खाल्लं नाही आणि मला फार लागलं ते. मॅनेजरने बिलातून ते पैसे काढले, सॉरी म्हणाला, पण झालं ते झालंच.

त्यामुळे नीट लक्षात ठेवा. न्यू मेक्सिकोत जवळजवळ प्रत्येक पदार्थावर मिरचीचं सॉस येतं, लाल की हिरवं असं विचारतात, हा तर तिथला राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, आणि दोन्ही हवं असेल तर ख्रिसमस म्हणायचं. या सॉसमध्ये पुष्कळ ठिकाणी मांस असतं, आणि बीन्समध्ये कधीकधी डुकराची चरबी, म्हणजे लार्ड, असते. नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, रेड चिलीत मीट आहे का, ग्रीन चिलीत आहे का, बीन्समध्ये लार्ड आहे का, असे तीन वेगळे प्रश्न विचारा. अनेक ठिकाणी व्हेज सॉस वेगळं ठेवलेलं असतं, पण मागावं लागतं. आणि सोपापिया नावाची गोष्ट मिळते ती टम्म फुगलेल्या पुरीसारखी असते, मध घालून खातात, तळायला कुठलं तेल वापरतात तेवढं विचारून घ्या. मावशीला मग दुसऱ्या दुकानातून ती आणून दिली, दोन खाल्ल्या तिने, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली पाणी उतरलं.

प्लाझा. शहराच्या मधला चौक, झाडं, बाकं, आणि एका बाजूला पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स, १६१० ची इमारत. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. स्पॅनिश लोकांनी बांधली, १६८० मध्ये तिथल्या मूळ रहिवासी प्वेब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना हाकलून दिलं, बारा वर्षं ती जागा त्यांच्याकडे होती. आज त्याच इमारतीच्या लांबलचक ओसरीत प्वेब्लो, नाव्हाहो आणि इतर जमातींचे कारागीर चादर अंथरून आपल्या वस्तू मांडून बसतात. बाबांना इतिहासाची आवड, ते म्हणाले, "ज्यांनी हाकललं त्यांची नातवंडं पंतवंडं आज दाराशी बसलीत, घर कोणाचं म्हणायचं मग?" मला उत्तर नव्हतं.

इथे येण्याआधी एक घोळ होतो तो सांगते. प्लाझाभोवतीच्या प्रत्येक दुकानावर इंडियन ज्वेलरी, इंडियन आर्ट असं लिहिलेलं. मावशीला वाटलं आपल्याकडचा माल आहे, म्हणाली एवढ्या लांब येऊन आपलेच दागिने कशाला घ्यायचे. मग तिला सांगितलं की इथे इंडियन म्हणजे इथले मूळ रहिवासी, कोलंबसच्या चुकीमुळे ते नाव पडलं, तर ती म्हणाली, "आणि अजून बदललं नाही कोणी?"

ओसरीतली पद्धत मला फार आवडते. इथे कोणीही येऊन बसू शकत नाही. म्युझियमचा कार्यक्रम आहे, त्यात नाव असावं लागतं, वस्तू स्वतः किंवा घरच्यांनी केलेली असावी लागते, वस्तूवर करणाऱ्याची खूण असते, आणि बसायला येणारे जास्त आणि जागा कमी म्हणून रोज सकाळी चिठ्ठ्या काढून जागा ठरतात. म्हणजे तुम्ही ज्याच्याकडून घेता त्याच्याच हातची, नाहीतर त्याच्या घरातली. चांदी किती टक्के, खडा कुठला, खाणीतून आला तसाच आहे का त्यात काही भरून पक्का केलाय, विचारलं की सरळ सांगतात. निळा खडा म्हणजे टर्कॉइज, आपल्याकडे पिरोजा म्हणतात तोच, सांता फेच्या दक्षिणेला सेरिलोसला त्याच्या फार जुन्या खाणी आहेत.

याउलट अनुभव रस्त्यापलीकडच्या एका दुकानात आला, नाव नाही घेत. सत्तर टक्के सेल, आजच शेवटचा दिवस, काचेत ढीगभर अंगठ्या. मी विचारलं कोणी केलंय हे, तर म्हणे नेटिव्ह. कोणत्या जमातीचं, नाव काय कारागिराचं, तर विषय बदलला आणि अजून दहा टक्के कमी करतो म्हणाला. अमेरिकेत १९९० चा कायदाच आहे की मूळ अमेरिकन माणसाने न केलेली वस्तू तशी म्हणून विकणं गुन्हा आहे. त्यामुळे चांगल्या दुकानात नाव आणि जमात सांगतात, पावतीवर लिहून देतात. लिहून देत नसतील तर बाहेर पडा, कितीही स्वस्त असू दे. अर्थात चांगली दुकानंही भरपूर आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवत नाही.

आणि फोटो. ओसरीत कारागिरांचे किंवा वस्तूंचे फोटो काढायचे तर आधी विचारा. नाही म्हणाले तर नाही.

आता दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मी एक निर्णय घेतला जो पूर्ण दिवसातला सगळ्यात चांगला ठरला, आम्ही फुटलो. नातेवाईकांना घेऊन फिरताना आपल्याला वाटतं सगळ्यांनी सगळं एकत्र बघायला हवं, मग एक जण कंटाळतो, एक जण थकतो, आणि दोघंही आपल्यासाठी हसून दाखवतात. तर बाबा आणि माझा नवरा लोरेटो चॅपलला गेले, आई आणि मी ओकीफ म्युझियमला, आणि मावशी म्हणाली मी इथेच बाकावर बसते, मला लोकं बघायचीत. लेक तिच्याजवळ थांबली. फोन होतेच.

लोरेटो चॅपल १८७८ मध्ये पूर्ण झालेलं छोटं चर्च आहे, आता म्युझियम म्हणून चालतं. त्यातला लाकडी गोल जिना बघायला लोक येतात. वीस फूट उंच, दोन पूर्ण वळसे, आणि मधोमध खांबच नाही. नन्सनी प्रार्थना केली आणि एक अनोळखी सुतार येऊन जिना बांधून पैसे न घेता निघून गेला अशी कथा तिथे सांगतात. बाबा आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. नवरा सांगत होता की बाबांनी कथेचं रेकॉर्डिंग वाजत होतं तिकडे लक्षच दिलं नाही, जिन्याखाली मान वर करून उभे राहिले आणि पंचवीस मिनिटं तिथून हलले नाहीत. आतला वळसा इतका घट्ट आहे की तोच खांबाचं काम करतो, एखाद्या स्प्रिंगसारखा, असं त्यांचं म्हणणं. कठडा नंतर बसवलाय, आधी नुसता जिना होता, ते ऐकल्यावर बाबा म्हणाले, "देवाने केला असेल नसेल, पण ज्याने केला त्याचं गणित पक्कं होतं". रात्री घरी आल्यावर त्यांनी कागदावर त्याचं सेक्शन काढलं, ते मी फ्रिजवर लावलंय. जागा अगदी लहान आहे, वीस मिनिटांत बघून होते, जिन्यावर चढू देत नाहीत. ज्याला हाताने केलेल्या कामाची किंमत आहे त्याला जरूर न्या, इतरांना कथा ऐकून पुरे होईल.

ओकीफ म्युझियमबद्दल थोडक्यात. जॉर्जिया ओकीफ, १८८७ ते १९८६, या भागात राहून इथले डोंगर, हाडं, फुलं रंगवणारी चित्रकार. म्युझियम १९९७ मध्ये उघडलं, वेळेचा स्लॉट घेऊन आधी ऑनलाइन तिकीट काढा. लहान आहे, तासात होतं, आणि तिची सगळ्यात गाजलेली मोठी फुलं इथे बघायला मिळतील या अपेक्षेने जाऊ नका, तिची चित्रं अनेक म्युझियममध्ये विखुरलेली आहेत. आईला चित्रांत डोंगर आवडले. पण खरी गंमत बाहेर पडताना दुकानात झाली, एका कार्डावर मोठं पांढरं फूल होतं, आई म्हणाली, "अय्या, धोत्रा!" आणि खरंच, त्या फुलाचं इंग्लिश नाव जिमसन वीड, म्हणजे धोत्र्याचीच जात. आपण शंकराला वाहतो, नाहीतर विषारी म्हणून मुलांना हात लावू देत नाही, आणि या बाईने तेच फूल दारासमोरचं घेऊन एवढं मोठं काढलं. मी आईला सांगितलं की तिचं धोत्र्याचं एक चित्र २०१४ मध्ये चार कोटी चव्वेचाळीस लाख डॉलरला विकलं गेलं, तेव्हापर्यंत कुठल्याही स्त्री चित्रकाराच्या चित्राला एवढी किंमत आली नव्हती. आई थोडा वेळ कार्डाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कडेची टोकं बघ किती बरोबर काढलीत, पाच असतात". कार्ड घेतलं.

तिथून प्लाझाकडे चालत येताना आई भिंतींना हात लावत होती. सांता फेमधली घरं मातीच्या रंगाची, कोपरे गोल, बाहेर डोकावणारे लाकडी वासे, अडोबी म्हणतात, माती, वाळू आणि गवताच्या काड्यांच्या कच्च्या विटा उन्हात वाळवून बांधायचं. १९५७ पासून नियम आहे की जुन्या भागात याच धाटणीचं बांधायचं, म्हणून अख्खं शहर एका रंगाचं दिसतं. आता पुष्कळशा इमारती आतून साध्या असतात आणि वरून सिमेंटचा मातीरंगी गिलावा. आई बरोबर ओळखत होती, ही माती, हे सिमेंट, नखाने न ओरबाडता नुसत्या तळव्याने. सारवलेल्या घरात वाढलेल्या माणसाचा तळहात तो.

कॅन्यन रोडबद्दल विचाराल म्हणून सांगते, अर्ध्याएक मैलाचा रस्ता, दोन्ही बाजूला जुन्या घरांत गॅलऱ्या, फुकट बघता येतं, बाहेर वाऱ्यावर फिरणारी धातूची शिल्पं आहेत ती मुलांना आवडतात. माझ्या आधीच्या ट्रिपमध्ये मी तिथे तीन तास घालवलेत आणि मला आवडतो तो रस्ता. पण हळूहळू चढ आहे, बसायला जागा कमी, आणि आतल्या शांततेत किमतीच्या चिठ्ठ्या बघून आईबाबांसारखी माणसं हात मागे बांधून चालायला लागतात. आम्ही या वेळी गाडीतूनच हळू एक चक्कर मारली. कोणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही. तसंच म्याव वुल्फ, जुन्या बोलिंग ॲलीत केलेलं सत्तरएक खोल्यांचं अजब घर, फ्रिजच्या दारातून पलीकडे जायचं वगैरे, लेकीला आणि मला फार आवडतं, पण अंधार, चमकणारे लाइट आणि अरुंद वाटा आहेत, ते मुलांबरोबर वेगळ्या दिवशी करा.

आता मावशी. आम्ही परत आलो तर बाक रिकामा. क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. मग लेक ओसरीतून हात हलवताना दिसली. मावशी एका बाईंसमोर चक्क खाली मांडी घालून बसली होती, सकाळी जिला चढ चढवत नव्हता ती, आणि मध्ये आमची लेक दुभाषी. त्या बाई मातीची भांडी करणाऱ्या, सत्तरीच्या आसपासच्या. काळी चकचकीत भांडी, त्यावर काळ्यातच मंद नक्षी. रंग नाही, ग्लेझ नाही, दगडाने घासून घासून आणलेली चकाकी. चाक वापरत नाहीत, मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवत जायच्या. घोटायचा दगड त्यांना आईकडून मिळाला, तिला तिच्या आईकडून. मग मावशीने विचारलं भाजता कसं, तर त्या म्हणाल्या, शेणात. वाळलेलं शेण भोवती रचून पेटवायचं, आणि ऐन वेळी बारीक शेण टाकून आग कोंडायची, धूर आत राहतो आणि भांडं काळं होतं. लेकीने ते भाषांतर करून सांगितल्यावर मावशी म्हणाली, "अगं म्हणजे गोवऱ्या! गोवऱ्यांतच भाजतात की!" आणि हाताने गोवरी थापून भिंतीवर मारायची खूण केली. त्या बाई इतक्या मनापासून हसल्या.

मावशीने एक भांडं घेतलं. मुठीत मावेल एवढं, ८५ डॉलर. आयुष्यभर भाजी घेताना दोन रुपये कमी कर म्हणणारी माझी मावशी, मी सकाळी तिला गाडीत सांगून ठेवलं होतं की इथे घासाघीस करू नकोस, पण ते सांगायची गरजच नव्हती. तिने विचारलं हे करायला किती दिवस, बाईंनी सांगितलं माती खणून आणण्यापासून धरलं तर आठवडे जातात, आणि दहातली काही भाजताना फुटतात. मावशीने पर्स काढली. रोख डॉलर ठेवा हं जवळ, कार्ड बरेच जण घेतात पण सगळे नाही. भांड्याच्या बुडाला बाईंनी नाव कोरलेलं आहे. पाणी घालू नका म्हणाल्या, शोभेचंच आहे, पाझरतं.

परतीच्या रस्त्याला सूर्य मावळताना सॅन्डिया डोंगर गुलाबी झाला होता. बाबा आणि लेक झोपले होते, आई कार्ड हातात धरून बसली होती. मावशीने भांडं आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, मागे बॅगेत ठेवू का म्हटलं तर नको म्हणाली.

ज्यांना असं काही भारतात न्यायचं असेल त्यांच्यासाठी, चेक इन बॅगेत अजिबात टाकू नका. भांड्याच्या आत मोजे भरा, बाहेरून दोन टॉवेल, मग डबा, आणि तो हातातल्या बॅगेत. मावशीचं असंच गेलं, सिक्युरिटीवाल्याने उघडून बघितलं, बुडाचं नाव वाचलं आणि स्वतः पुन्हा नीट गुंडाळून दिलं. आता ते तिच्या शोकेसमध्ये आहे, ठकीच्या शेजारी. ठकी तिने ट्रंकेतून शोधून काढली.